'मॅथ डोमेन एरर'ला मराठीत काय म्हणावं?

परभणी:
डिप्लोमाच्या पोरांसाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या चुकांचे संदेश मराठीत लिहायलोय. 'मॅथ डोमेन एरर'पाशी अडलो, म्हणजे फंक्शनला न चालणारी संख्या दिली की येतो तो संदेश. 'प्रांतदोष' लिहिलं तर पोरं विचारायलीत, "सर, कुठला प्रांत?" दुसरा शब्द सुचवा.

लातूर:
सर, मूळ संदेशच मुका आहे, शब्द बदलून भागणार नाही. सी भाषेत यासाठी 'ईडॉम' हा एकच संकेत. वर्गमूळाला ऋण संख्या द्या नाहीतर एकॉसला (कोसाइनवरून कोन काढणारं फंक्शन) २ द्या, संकेत तोच. पायथननं वर्षानुवर्षं तोच पुढं ढकलला. २०२५च्या ३.१४ आवृत्तीत हे सुधारलं. आता वर्गमूळाला -१ दिला तर 'ऋण नसलेली संख्या अपेक्षित, मिळाली -१.०' अशा अर्थाचा संदेश येतो. काय हवं होतं आणि काय आलं, दोन्ही कळतं. मराठीतही नाम शोधू नका, सरळ वाक्य लिहा.

परभणी:
पटलं. मग 'धन संख्या हवी, -१ आली' चालेल का?

नांदेड:
वर्गमूळाला 'धन' नको. शून्य धन नाही, पण त्याचं वर्गमूळ निघतं. 'शून्य किंवा त्याहून मोठी संख्या हवी' असं लिहा. 'ऋणेतर' नेमका आहे, पण पहिल्या वर्षाचं पोरगं तिथं अडखळतं. लॉगला मात्र शून्य चालत नाही, तिथं 'शून्याहून मोठीच'. तो 'च' गाळू नका. आपल्याकडच्या पावसाच्या नोंदी घ्या. ऐन जुलैतसुद्धा कोरड्या दिवसांपुढं ० मिमी लिहिलेलं असतं. त्यावर लॉग लावला की प्रोग्रॅम थांबतो, आणि 'डोमेन एरर' वाचून पोरगं सूत्रातच चूक शोधत बसतं. '० आली' एवढं दिसलं तरी ते थेट नोंदींकडं वळेल.

परभणी:
मग उपायही संदेशातच सांगावा का?

लातूर:
माझ्या मते नको. कोरडे दिवस वगळायचे, की १ मिळवून लॉग घ्यायचा (त्यासाठी लॉगवनपी आहेच), हे अभ्यास करणाऱ्यानं ठरवावं. आणि 'अवैध संख्या' हा प्रयोगही टाळा. -१ मध्ये काही खोट नाही. सीमॅथ या पायथनच्या संमिश्र संख्यांसाठीच्या मॉड्यूलमधल्या वर्गमूळाला तोच -१ दिला तर उत्तर मिळतं, काल्पनिक संख्येत. 'या फंक्शनला चालत नाही' एवढंच म्हणा.

परभणी:
ठीक. एकॉससाठी '-१ ते १ मधली संख्या हवी, दोन्ही टोकं धरून. २ आली' असं लिहितो. बाकीचे संदेशही याच धर्तीवर करतो.