बर्फ नाही, मग पाहुण्यांना अडकवायचं कसं? (मुलांसाठी रहस्यकथा, माथेरानचं जुनं लॉज)

चाळीतली_मावशी

गिरगावात आमच्या चाळीत मी शनिवारी पोरांना गोष्टी वाचून दाखवते. आठ ते बारा वयाची आहेत, अर्धी मराठी शाळेतली, अर्धी कॉन्व्हेंटची. यंदा नाताळच्या सुट्टीत रोज संध्याकाळी एक प्रकरण वाचायचं ठरवलंय, आणि गोष्ट मीच लिहितेय. लिहितेय म्हणजे अडकलेय.

परदेशी गोष्टींत सोय असते. डोंगरावरची जुनी सराय, बाहेर गुडघाभर बर्फ, रस्ते बंद, आत सहा-सात संशयास्पद पाहुणे. कोणी पळू शकत नाही आणि पोलीस येऊ शकत नाहीत, म्हणून तपास पोरांच्या हातात राहतो. मला हे माथेरानला न्यायचंय. आमच्या पोरांनी पाहिलेलं थंड ठिकाण तेवढंच, आणि लॉजवाल्याची मुलगी नायिका म्हणून माझ्या डोक्यात पक्की बसलीय. पण माथेरानला बर्फ कुठून आणू? डिसेंबरात तर पाऊसही नसतो, दरड तरी कशी पाडू? चोर सकाळी उठून चालू पडला तर गोष्ट दुसऱ्याच प्रकरणात संपली.

अवकाळी गारपीट सुचवू नका. ही पोरं गिरगावातली आहेत, मला जिन्यावरून ढकलून देतील.

चोरायचं काय, तेही ठरलेलं नाही. खून नको. आणि मोबाइलचं काय करू? सगळ्या गोष्टींत रेंज गेलेली असते, त्याचाही कंटाळा आलाय.

मामाचं_लॉज

मावशी, आमच्या मामांचं माथेरानला बाजाराच्या मागे लॉज होतं. कौलारू, पुढे लांब व्हरांडा. नाताळात गर्दी असायची म्हणून मला दादरहून गल्ल्यावर बसायला बोलवायचे. त्या भांडवलावर सांगतो.

बर्फाची गरजच नाही. मुंबईकर आगाऊ भरलेले पैसे सोडून कुठेही जात नाही. २५ डिसेंबर ते १ जानेवारी खोल्यांचे भाव चढलेले असतात, सगळ्यांनी पूर्ण पैसे भरलेले असतात, आणि शेजारच्या लॉजमध्ये जावं म्हटलं तर तिथेही जागा नसते. शेजारच्या खोलीत चोर आहे असं कळलं तरी माणसं कडी लावून झोपतात, सामान बांधत नाहीत. आणि जो खरंच जायला निघतो तो लगेच नजरेत भरतो. हेच वापरा.

दुसरं, गाव मुळातच बंद आहे. मोटार दस्तुरीला थांबते, तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी किंवा घोड्यावर, आमच्या वेळी हातरिक्षातही. आत मोटार म्हणाल तर रुग्णवाहिका. (म्हणून कोणाचा पाय मोडू नका. रुग्णवाहिका आली की तुमचं कोंडलेलं गाव उघडलं.) रात्री दस्तुरीहून खाली नेरळला जायला टॅक्सी मिळणं कठीण. म्हणजे रात्री पळायचं तर सामान डोक्यावर घेऊन अंधारात चालायचं, आणि ते करणारा माणूस सकाळी लाल झालेला असतो. तिथली माती अशी आहे की पायजम्याच्या काठाला बसलेला रंग दोन धुण्यांत जात नाही. ‘मी रात्रभर खोलीतच होतो’ म्हणणाऱ्याच्या चपला तुमच्या नायिकेने उलट्या करून बघाव्यात.

मोबाइलसाठी काळ बदला. डिसेंबर २००५ घ्या. २६ जुलैच्या पावसात नेरळ-माथेरानचा रूळमार्ग वाहून गेला होता आणि गाडी २००७ पर्यंत बंद होती. म्हणजे तुमच्या गोष्टीत गाडीसुद्धा नाही, ई-रिक्षाचा तर प्रश्नच नाही. हातात फोन असले तरी ते बहुतेक बोलण्यापुरतेच. कोणी फोटो काढून ‘हा माणूस कोण’ विचारणार नाही. २६ जुलै पोरांच्या आईबापांना पक्की आठवते, घरी विचारतील.

आणि बंब विसरू नका! थंडीत लॉज पहाटे सुरू होतं ते बंबापासून. लाकडं सारायची, राख काढायची, मग खोलीखोलीला एकेक बादली. बादल्या पोचवणाऱ्या पोराला सगळं ठाऊक असतं: कोण उठलंय, कोण दार किलकिलं करून बादली आत ओढतो, कोणाच्या खोलीत एकाच्या नावावर दोन माणसांचं पाणी लागतं. मामा रजिस्टर बघायचे नाहीत, बादल्या मोजायचे. तुमच्या मुलीला बादलीचं काम द्या. मग ती पहाटे प्रत्येक दारापाशी का उभी आहे हे कोणी विचारणार नाही.

फोर्टकर

माथेरान कशाला? आपल्या काळ्या घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभं आहे की. लोखंडी सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून इथे जोडलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चलचित्रं तिथेच दाखवली, भारतातला तो पहिला खेळ. रिकामी, पडायला आलेली इमारत. रहस्याला आणखी काय हवं?

चाळीतली_मावशी

फोर्टकर, इमारत सुंदरच. पण नाताळात काळ्या घोड्याला घाम येतो हो. मला पोरांना गोधडीत बसवून वाचायचंय. शिवाय पडायला आलेल्या इमारतीत शिरणारी नायिका मी या पोरांना मुळीच दाखवणार नाही, दुसऱ्या दिवशी चारजण तिथे असतील.

मामाचं_लॉज, तुम्ही आगाऊ पैशांचं सांगितलंत ते वाचून मी मोठ्याने हसले. घेतलं.

परळची_आई

मी आईच्या आयडीवरून लिहितोय. मी अकरा वर्षांचा आहे. माथेरानला काहीही हरवलं तरी सगळे पहिल्यांदा म्हणणार माकडाने नेलं. आमच्या काकांचा चष्मा नेलेला. आणि शेवटी पोलीस इन्स्पेक्टर येऊन मुलांशी हात मिळवतो आणि शाबास म्हणतो ते नको. आणि भूत म्हणजे टॉर्च निघतो ते पण नको. मुलीकडे सगळ्या किल्ल्या पाहिजेत.

मामाचं_लॉज

मित्रा, माकडाचा मुद्दा बरोबर आहे. पण माकडं अंधार पडला की झाडावर जातात ती उजाडेपर्यंत उतरत नाहीत. चोरी रात्री झाली तर माकड सुटलं. नायिकेने ते आधी ओळखावं आणि मोठ्यांनी अर्धा दिवस माकडाच्या मागे धावावं. किल्ल्या मात्र सगळ्या नकोत. एक किल्ली खिळ्यावर नसली पाहिजे.

टपालातून_निवृत्त

मावशी, चोरायचं काय याचं सुचवतो. आयुष्य पत्ते वाचण्यात गेलंय, म्हणून डोकं त्याच दिशेने चालतं.

जुन्या लॉजच्या माळ्यावर जुनी रजिस्टरं असतात. तिथेच पूर्वीच्या कोणी पाहुण्याने ‘पुढच्या वर्षी येऊन नेतो’ म्हणून ठेवलेली ट्रंक पडून आहे. आता २००५ च्या नाताळात एक गृहस्थ येतात आणि म्हणतात, ही माझ्या वडिलांची. पुरावा? १९६६ चं रजिस्टर उघडा, डिसेंबरच्या पानावर वडिलांचं नाव आणि पत्ता आहे. रजिस्टर काढतात, नाव असतं. पान पिवळं, शाई फिकट. सगळ्यांना पटतं. त्याच रात्री रजिस्टर गायब होतं.

आता गंमत. पत्त्याच्या शेवटी लिहिलंय ‘दादर, मुंबई ४०००२८’. सहा आकडी पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. १९६६ मध्ये माणूस फक्त ‘मुंबई २८’ लिहायचा. नोंद मागाहून घातलेली आहे, आणि घालणाऱ्याने पत्ता सवयीने पुरा लिहिला. जुनी शाई मिळवली, अक्षर गिरवलं, आणि शेवटच्या सहा आकड्यांत सापडला. रजिस्टर चोरलं कोणी, तर त्यानेच. कारण पान पुन्हा निवांत बघायला बसलेल्या मुलीला त्याने पाहिलं.

पोरांवर अन्याय होत नाही. पत्ता दुसऱ्या प्रकरणात सगळ्यांसमोर वाचून दाखवा, आकड्यांसकट, आणि पुढे जा. गिरगावच्या पोरांना ‘मुंबई ४००००४’ पाठ असतं, त्यांना ते इतकं ओळखीचं वाटेल की कानावरून जाईल. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांच्याकडे जुनी पत्रं निघतील. ‘गिरगाव, मुंबई ४’ लिहिलेलं पाकीट एखाद्याने सापडवून आणलं तर त्याला बक्षीस द्या.

चाळीतली_मावशी

काका, आमच्याच घरात आईच्या लग्नातली पाकिटं आहेत, आता उठून बघितली. ‘मुंबई ४’. गोष्ट ठरली. डिसेंबर २००५, गाडी बंद, लॉज भरलेलं, बादल्या पोचवणारी मुलगी, रजिस्टर आणि ट्रंक. परळच्या साहेबांची अट मान्य, इन्स्पेक्टर येणार नाही. येईल तो ट्रंकेचा खरा वारस, तोही आगाऊ पैसे न भरता, त्यामुळे त्याला व्हरांड्यात झोपावं लागेल.

ट्रंकेत काय असेल ते मी इथे लिहिणार नाही, चाळीतले दोघेजण हा धागा वाचतात. मामाचं_लॉज, एकच सांगा: बंबाचं पाणी तापायला पहाटे किती वेळ लागायचा? तेवढ्या वेळात तिला माळ्यावर जाऊन खाली यायचंय.

मामाचं_लॉज

लाकूड कोरडं असेल तर अर्धा तास धरा. पण माळ्याची शिडी वाजते. तिला अनवाणी पाठवा.