प्री-मेड: मेजर कोणते घ्यावे?

अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी मुलीला जीवशास्त्रच मेजर (पदवीचा मुख्य विषय) घ्यावे लागेल का, असे आपण विचारले आहे. तसे बंधन नाही. माझ्या मुलाने इतिहास घेऊन प्री-मेडची, म्हणजे पदवी घेता घेता वैद्यकीय प्रवेशाची, तयारी केली. मात्र जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, सामान्य आणि सेंद्रिय रसायनशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेसह मागतात. एखादा विषय पुन्हा घेतला, तरी एएमकॅसच्या (वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जसेवेच्या) सरासरीत दोन्ही वेळचे गुण धरले जातात, म्हणून पहिल्याच सत्रात झेपेल त्याहून जास्त भार घेऊ देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एमकॅट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत (गुण ४७२ ते ५२८) उताऱ्यांचा भाग घोकून सुटत नाही. रोजच्या वाचनाला पर्याय नाही.

अर्जात जास्तीत जास्त १५ अनुभव, प्रत्येकी ७०० अक्षरांत मांडायचे असतात. मुलगा दर शनिवारी वृद्धाश्रमात सेवेला जाई आणि परतताना बसमध्येच वहीत तारीख, तास व एखादे वाक्य टिपून ठेवी. 'आजोबांनी आज स्वतः चमचा धरला', ही त्यातली एक नोंद. तीन वर्षांनी अर्ज भरताना त्या वहीनेच त्याला तारले. मुलीला आजच एक वही घेऊन द्या.