ऑटर क्लिफ्सचं नौदल रेडिओ केंद्र हललं का?

तारायंत्र: मेन राज्यातलं अमेरिकी नौदलाचं हे केंद्र 1917 मध्ये सुरू झालं, मग 1935 मध्ये स्कूडिक पॉइंटला गेलं. कारण तांत्रिक होतं का? आणि याच केंद्राच्या कोरिया इथल्या गोल अँटेनाचं काम कसं चालायचं?

खाडीकाठ: तांत्रिक अजिबात नाही. अलेस्सांद्रो फाब्री यांनी उभारलेल्या या केंद्रात युरोपचे क्षीण संदेश उत्तम ऐकू यायचे; समोर खुला समुद्र, आसपास विजेचा गोंगाट नाही. पण धनाढ्य दानशूर जॉन रॉकफेलर ज्युनियर यांना तिथून अकेडिया राष्ट्रीय उद्यानाचा रस्ता न्यायचा होता. म्हणून उपसागरापलीकडे तितकीच शांत जागा शोधली. 2002 मध्ये केंद्र बंद झालं, स्कूडिकची जागा त्याच उद्यानाकडे गेली.

लघुलहरी: कोरिया म्हणजे मेनमधलंच गाव, देश नव्हे! तिथला अँटेना एफआरडी-10 होता, म्हणजे रेडिओ संदेश कुठल्या दिशेने येतो ते शोधणारा. बाहेरच्या कड्यात वरच्या वारंवारतेसाठी 120 खांब, म्हणजे दर 3 अंशांना एक. आतल्या कड्यात खालच्या वारंवारतेसाठी 40. गोनिओमीटर हे दिशा मोजणारं उपकरण शेजारशेजारच्या खांबांचे सिग्नल ठरावीक विलंब देऊन जोडतं, त्यातून एकाच दिशेचं ऐकणारी शलाका बनते, आणि ती गोल फिरवतं. खांबांपासूनच्या केबल विद्युतदृष्ट्या समान लांबीच्या हव्यात. एका जोडात पाणी शिरलं की सिग्नलची कला (फेज, म्हणजे लहरीची वेळ) सरकते, दिशा चुकते. जमिनीवरची तारांची जाळी गंजली तरी तेच. शिवाय एका केंद्रातून फक्त दिशा कळते. जहाजाचं ठिकाण हवं तर दुसऱ्या केंद्राची रेषा छेदावी लागते.

तारायंत्र: म्हणजे रस्त्यापायी हललं! आभार.