जुन्या कॉमिकचे मूळ पान घेण्यापूर्वी सल्ला हवा आहे: सुटे झालेले संवादांचे फुगे आणि तपकिरी पडलेला काळा रंग

नमस्कार.

कॉमिक छापले जाण्याआधी चित्रकाराने पेन्सिल आणि शाईने काढलेली मूळ पाने जमवण्याचा छंद मला अलीकडे लागला आहे. आजवर घेतलेली सगळी पाने नव्या चित्रकारांची आणि थेट त्यांच्याचकडून घेतलेली असल्यामुळे अस्सलपणाचा किंवा जतनाचा प्रश्न कधी उभा राहिला नव्हता. आता मात्र १९७०च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका अमेरिकन सुपरहिरो मासिकातले आतले पान एका खासगी संग्राहकाकडून मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. व्यवहार अजून ठरलेला नाही. मी पान प्रत्यक्ष पाहिले आहे, परंतु पाहिल्यानंतर शंका कमी होण्याऐवजी वाढल्या आहेत.

पान जाड ब्रिस्टल बोर्डावर (चित्रकामाच्या गुळगुळीत पुठ्ठ्यावर) आहे. कागद साधारण ११ × १७ इंच असून चित्राचा भाग १० × १५ इंच भरतो. अमेरिकन प्रकाशकांनी १९६७च्या सुमारास मोठा कागद सोडून हा आकार स्वीकारला, त्यामुळे काळाशी मेळ बसतो. अर्थात, योग्य आकाराचा कागद घेणे नक्कल करणाऱ्यालाही अवघड नाही. वरच्या समासात मासिकाचे नाव, अंक आणि पान क्रमांक हाताने लिहिलेले आहेत, आणि चौकटींच्या कडेला फिक्या निळ्या पेन्सिलीच्या काही खुणा आहेत.

अडचण खालच्या ओळीतील रुंद चौकटीत आहे. तेथे नायक अंधाऱ्या खोलीत खिडकीशी उभा आहे आणि चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग काळा आहे, किंवा काळा होता असे म्हणावे लागेल. आकृतीची बाह्यरेषा आणि केसांवरचे ब्रशचे फटकारे आजही गडद काळे आहेत, पण भरलेला अंधार मात्र ठिकठिकाणी तपकिरी आणि कडेला जांभळट झाला आहे. बोर्ड उलटा केला की त्याच आकाराची पिवळट सावली मागेही दिसते. माझ्या समजुतीप्रमाणे रेषा इंडिया इंकने (चित्रकामाच्या काळ्या शाईने) काढलेल्या असाव्यात आणि मोठे काळे भाग वेळ वाचवण्यासाठी फेल्ट-टिप मार्करने भरलेले असावेत.

दुसरी अडचण संवादांच्या फुग्यांची. बहुतेक अक्षरलेखन थेट बोर्डावर केलेले आहे, परंतु तीन ठिकाणी मजकूर बदलून कागदाचे तुकडे वर चिकटवलेले होते. त्यांपैकी एक कडेने वळला आहे, दुसरा केवळ एका कोपऱ्यावर टिकून आहे आणि तिसरा हरवला आहे. हरवलेल्या तुकड्याच्या जागी गोंदाचा तपकिरी चौकोन राहिला आहे आणि त्याखाली आधी लिहिलेला मजकूर स्पष्ट वाचता येतो. छापील अंकातील वाक्य वेगळे आहे. छापील फुग्यात नायक धमकी देतो, तर खालच्या मजकुरात तो समोरच्या माणसाला एक प्रश्न विचारतो. खरे सांगायचे तर मला पानातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटली, पण मी विक्रेत्याला ते बोलून दाखवले नाही.

विक्रेत्याने स्वतःहून असे सुचवले आहे की व्यवहार ठरल्यास तो छापील अंकावरून हरवलेल्या फुग्याची प्रत तयार करून त्या जागी चिकटवून देईल आणि सैल झालेले दोन्ही तुकडे पक्के बसवून देईल, म्हणजे पान पूर्ण दिसेल. त्याचा हेतू चांगला असावा, परंतु मला हे पटत नाही, आणि का पटत नाही हे त्याला नीट सांगता येईल इतकी माहितीही माझ्याकडे नाही.

तेव्हा मला जाणून घ्यायचे आहे ते असे. हे पान छापील अंकावरून लाइटबॉक्सवर (खालून उजेड असलेल्या काचेवर) गिरवलेले नाही, याची खात्री प्रत्यक्ष तपासणीत कशी करता येईल? तपकिरी पडलेला भाग पुढेही बिघडत राहणार का, आणि त्यावर काही उपाय आहे का? फुगे पुन्हा लावावेत की जसे आहेत तसे ठेवावेत? शिवाय, त्या काळातील पाने प्रकाशकांकडेच राहत असत असे वाचले आहे, तर अशा पानाच्या मालकीविषयी विक्रेत्याला काय विचारणे रास्त ठरेल? पान घेतले तर ते भिंतीवर लावण्याची इच्छा आहे, हेही विचारात घ्यावे.

प्रतिसाद १

जतनाबद्दल येथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत, म्हणून मी अस्सलपणा आणि मालकी एवढ्यापुरतेच लिहितो.

हरवलेल्या फुग्याखालचा वेगळा मजकूर ही फार चांगली खूण आहे. छापील अंकावरून गिरवणाऱ्याकडे फक्त छापलेले वाक्य असते. संपादकाने बदललेले आधीचे वाक्य त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. हुशार नक्कलकार असे वाक्य मनाने रचू शकतो, म्हणून एवढ्यावर निर्णय करू नये, परंतु पारडे अस्सलपणाकडे झुकते हे नक्की.

सर्वांत उपयोगी कसोटी बारीक रेघांची आहे. त्या काळी कॉमिक स्वस्त वर्तमानपत्री कागदावर छापले जात असे आणि मूळ पान छापील पानाच्या साधारण दीडपट मोठे असे. लहान करून छापताना शाई पसरत असल्यामुळे जवळजवळ काढलेल्या रेघा एकमेकींत मिसळून जात. छापील अंकात जेथे छटेच्या रेघांचा काळा ठिपका झालेला आहे अशा जागा शोधा, गालाखाली, कपड्यांच्या घड्यांत, केसांच्या मुळाशी, आणि मग भिंग घेऊन त्याच जागा बोर्डावर पाहा. अस्सल पानावर तेथे रेघा सुट्या दिसायला हव्यात. गिरवणाऱ्याने ठिपका पाहून ठिपकाच काढलेला असतो. छापताना कडेने कापले गेलेले चित्रही पाहावे: चौकटी पानाच्या काठापर्यंत जात असतील, तर कापलेल्या रेषेबाहेर चित्र किती आणि कसे पुढे गेले आहे हे छापील अंकावरून कळत नाही.

दुसरे, दिवा एका बाजूने अगदी तिरपा धरून पान पाहा. शाईखाली खोडलेल्या पेन्सिलीचे चरे दिसतील. चित्रकार आकृती शोधत शोधत काढतो, त्यामुळे हात दोन ठिकाणी काढून पाहिलेला, डोक्याचा गोल आधी मोठा घेतलेला, असे काहीतरी निघतेच. गिरवलेल्या पानावर पेन्सिलीची एकच स्वच्छ रेषा असते आणि तिच्यावर नेमकी शाई. पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्यांखाली काय आहे तेही तिरप्या उजेडात दिसू शकते. अतिनील दिव्याची कसोटी काही जण सुचवतील, पण कागदाला अतिनील उजेडात चमक आणणारी रसायने १९५०च्या दशकापासून सर्रास वापरात आहेत, तेव्हा १९७०च्या पानाबाबत तिच्यातून फारसे काही सिद्ध होणार नाही. काही पानांच्या मागे कॉमिक्स कोड अथॉरिटीचा (अमेरिकन कॉमिकचा मजकूर तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का सापडतो. असला तर उत्तम, पण नसला म्हणून पान खोटे ठरत नाही.

चिकटवलेल्या तुकड्यांना दोष समजू नका. प्रकाशकाच्या कचेरीत पानांवर बदल होणे नित्याचे होते. नामांकित चित्रकार जॅक कर्बी १९७०च्या दशकाच्या आरंभी डीसी या प्रकाशकाकडे गेले, तेव्हा त्यांनी काढलेले सुपरमॅनचे चेहरे अल प्लास्टिनो आणि मर्फी अँडरसन या दुसऱ्या चित्रकारांकडून बदलून घेण्यात आले होते. इतक्या मोठ्या चित्रकाराची ही गत, तर तुमच्या पानावर एक संवाद बदलला गेला यात नवल नाही.

आता मालकी. १९७०च्या दशकात मोठ्या अमेरिकन प्रकाशकांनी मूळ पाने चित्रकारांना परत देण्यास सुरुवात केली आणि ती पेन्सिलकाम करणारा व शाईकाम करणारा यांच्यात वाटली जात, म्हणून एकाच अंकाची पाने वेगवेगळ्या दिशांना पांगलेली आढळतात. त्याआधीची पाने प्रकाशकांकडे पडून राहिली, कोणाला भेट दिली गेली किंवा नष्टही झाली. कर्बी यांना मार्व्हल या प्रकाशकाकडून आपली पाने मिळवण्यासाठी दीर्घकाळ भांडावे लागले आणि १९८७मध्ये त्यांच्या हाती सुमारे दोन हजार पाने आली. त्यांनी काढलेल्या एकूण पानांच्या मानाने ती थोडीच होती. त्यामुळे या काळातील पानाचा प्रवास पूर्ण माहीत नसणे संशयास्पद नाही. स्पायडरमॅनच्या पहिल्या कथेची स्टीव्ह डिटको यांनी काढलेली पानेदेखील २००८मध्ये एका देणगीदाराने नाव गुप्त ठेवून लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. विक्रेत्याला एवढेच विचारा की हे पान त्याने कोणाकडून, केव्हा आणि कोणत्या मार्गाने घेतले. आणि उत्तर लेखी मागा. प्रामाणिक संग्राहकाला या प्रश्नाचा राग येत नाही. पान विकत घेतल्याने छपाईचा हक्क मिळत नाही हेही ध्यानात असू द्या: ते तुम्ही भिंतीवर लावू शकता, पण त्याची भित्तिपत्रके काढून विकू शकत नाही.

प्रतिसाद २

मी कागदाच्या जतनाचे काम करते. विक्रेत्याला आजच कळवा की त्याने पानाला हात लावू नये.

तो तपकिरी चौकोन बहुधा रबर सिमेंटचा (रबरापासून बनलेल्या गोंदाचा) आहे. हे चिकटद्रव्य जुने होताना आधी चिकट आणि मग कोरडे, ठिसूळ होते, आणि त्या ओघात कागदात मुरून डाग पाडते. त्यावर नवा गोंद घातला की पुढच्या माणसाला दोन गोंद काढावे लागतात. मूळ मजकूर त्याच डागाखाली आहे, म्हणून तेथे घाई नकोच. डाग काढण्यासाठी द्रावक लागतात, आणि मार्करची शाई अनेक द्रावकांत पसरते. एवढेच नव्हे, लाखेवर बनलेली इंडिया इंक पाण्याला दाद देत नसली तरी अल्कोहोलने सैल होऊ शकते. म्हणून घरगुती प्रयोग कटाक्षाने टाळावेत. डाग जसा आहे तसा राहू देणे हाही एक योग्य निर्णय असतो आणि मी बहुधा तोच सुचवेन.

सैल झालेल्या दोन फुग्यांसाठी चांगला मार्ग आहे. तुकडा संपूर्ण न चिकटवता पातळ जपानी कागदाची बिजागरी करून, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने तो केवळ वरच्या कडेला बसवता येतो. खळ पाण्याने पुन्हा सुटते आणि तुकडा उचलला की खालचा मजकूर वाचता येतो. त्या दोन फुग्यांखालीही वेगळे वाक्य असेल तर ते तुम्हाला आताच हवे असेल, असा माझा अंदाज आहे. हे काम मात्र कागदाच्या जतनकाराकडूनच करून घ्यावे. हरवलेला फुगा हवाच असेल, तर त्याची प्रत पारदर्शक पॉलिएस्टरच्या फिल्मवर घेऊन ती फिल्म फ्रेममध्ये चित्रावर ठेवता येते. बोर्डाला काहीच लागत नाही आणि नको वाटेल तेव्हा काढता येते.

मार्करचा गेलेला काळा रंग परत येत नाही. त्यावर नवी शाई भरण्याचा मोह होतो, भरू नका. बिघाडाचा वेग मात्र उजेडावर अवलंबून असतो आणि तो तुमच्या हाती आहे. अतिनील किरण अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक लावाच, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतो, म्हणून काच लावली की पान कायम भिंतीवर ठेवता येईल असे समजू नये. संग्रहालये अशा नाजूक कामांसाठी सुमारे ५० लक्स एवढा मंद प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी ती अंधारात परत नेतात. जपानमधील क्योतो सेइका विद्यापीठात चित्रकार केइको ताकेमिया यांच्या पुढाकाराने मांगाच्या (जपानी कॉमिकच्या) मूळ पानांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवल्या जातात, त्या याचसाठी: प्रदर्शनात प्रतिकृती लावायची आणि मूळ पान कपाटात ठेवायचे. तुम्हीही उत्तम स्कॅन काढून तो भिंतीवर लावावा असे मला वाटते, निदान वर्षातील बहुतेक काळ.

साठवताना पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे वापरू नका. पॉलिएस्टर चांगले असते, पण तुमचे पान त्यात सरकवू नका, सैल तुकड्याची कड अडकून फाटेल. शिवाय त्यातील स्थिर विजेने पेन्सिलीची भुकटी ओढली जाते. आम्लविरहित कागदाच्या, चारही बाजूंनी दुमडून बंद होणाऱ्या चार पाळ्यांच्या घडीत पान आडवे ठेवा. एखादा तुकडा निखळलाच, तर तो वेगळ्या लहान पाकिटात ठेवून त्यावर चौकटीचा क्रमांक लिहा.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याला दुरुस्ती न करण्याबद्दल कळवले असून त्याने ते मान्य केले आहे. पान पुढच्या मालकाकडे आहे तसेच गेले तर त्याला बरेच वाटेल, असे तो म्हणाला. त्याने ते कोणाकडून घेतले हेही तो लिहून देणार आहे.

भिंग आणि छापील अंक घेऊन पुन्हा पाहणी करण्याचे ठरले आहे. एक शंका राहिली: केवळ एका कोपऱ्यावर टिकलेला फुगा मी पाहणीच्या वेळी उचलून खाली पाहू का, की तेवढ्यानेही तो निखळेल?

प्रतिसाद २

बोटाने उचलू नका. चिकटलेला कोपरा कोणता आहे ते आधी पाहा आणि समोरच्या बाजूने, जेथे कागद आपोआप वर आलेला आहे तेथून, पातळ ताठ पॉलिएस्टरची पट्टी हलकेच आत सरकवा. अडथळा जाणवला की तेथेच थांबा. पट्टीवर कागद जेवढा वर येईल तेवढ्यात तिरपा प्रकाश टाकून मोबाइलने छायाचित्र घ्या. पूर्ण वाक्य वाचता आले नाही तरी खाली अक्षरे आहेत की नाहीत एवढे समजेल, आणि व्यवहाराआधी तेवढे पुरे आहे.