‘व इतर महिला भगिनी’: कौतुक करायचं तर नावं घ्या

पऱ्हाटी (धागाकर्ती)
महिला दिनाला आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीने सत्काराचा फोटो टाकला. वर मजकूर, ‘आमच्या उद्योगाची खरी प्रेरणा, आमच्या महिला सहकारी.’ फोटोत पाच पुरुष खुर्च्यांवर. मागे एकवीस बाया उभ्या, प्रत्येकीच्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस. खाली पाचही पुरुषांची नावं, पदासकट. शेवटी चार शब्द, ‘व इतर महिला भगिनी’.

त्या एकवीस जणींना मी ओळखते. डावीकडून तिसरी, हिरव्या लुगड्यातली, डाळ मिल चालवते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी दाल मिल आहे. तुरीला तेल-पाण्याचा हात लावून रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी गच्चीवर पसरायचं, दुपारी दाणा दाताखाली धरून पाहायचा. कट्कन तुटला तर भरडायला घ्यायचा, चिवट लागला तर परत उन्हात. आभाळ आलेलं असेल तर भरडणी बंद, हे तिने ठरवलं, तेव्हापासून तुकडा कमी झाला. बोलता बोलता मोटारीचा आवाज बदलला की ती उठून पट्टा पाहते. कंपनीच्या पिशवीवर ‘निवडक तूरडाळ’ छापलंय, ते निवडणं तिचं आहे. आणि त्या कंपनीत तिचा एक शेअर नाही, कारण सातबारा नवऱ्याच्या नावावर.

सत्काराच्या दिवशीचा पाटोडीचा रस्सा आणि भाकरी पहाटेपासून त्याच एकवीस जणींनी केल्या. पंगत उठली, भांडी घासली, मग हात पुसून फोटोला उभ्या राहिल्या.

मला कौतुकाचं वावडं नाही. उलट आपल्याकडे बायांचं कौतुक फारच कमी होतं. पण जिच्या भरवशावर धंदा चालतो तिचं नाव लिहा, तिने नेमकं काय केलं ते लिहा, आणि नफ्यात वाटा द्या. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलंय. त्याच वर्षी आपण त्यांना ‘इतर’ म्हणतो, हे मला सहन झालं नाही.

धुऱ्यावरचा
ताई, त्या पाच खुर्च्यांतली एक माही आहे, म्हणून उत्तर देतो. फोटोच्या आधी आम्ही बायायले म्हटलं, समोर बसा. दोन खेपा म्हटलं. एकही बसली नाही. याच्यात आमचा गुन्हा काय? सातबाऱ्याचा नियम आम्ही नाही केला. कंपनी नोंदवताना जो फॉर्म हातात आला तो भरला. तीन वर्षं घरचे पैसे घातले, बँकेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कोणी पोस्ट टाकली नाही. आता दोन चांगले शब्द लिहिले तर तेही वाईट. पुढच्या वर्षी सत्कारच करत नाही, मग बरं वाटंल काय?

पऱ्हाटी
भाऊ, सासरे आणि भासरे बसलेले असताना कोणती सून खुर्चीवर बसेल? तुम्ही पाच जण उठून मागे गेले असते तर त्या बसल्या असत्या. तुमचे तीन वर्षांचे कष्ट मला माहीत आहेत, ते नाकारत नाही. पण तुमचं नाव फोटोखाली आहे. तिचं नाही.

गावची_सीआरपी
मी दहा बचत गटांचं दप्तर पाहते, म्हणून फॉर्मचं सांगते. २०२० च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपन्यांचं प्रकरण आलं. त्यात सभासदाला सातबारा हवाच असं कुठेही नाही. अट एकच, माणूस उत्पादक पाहिजे. शेती आलीच, शिवाय पशुपालन, मधमाश्या, वनोपज, हातमाग हेही त्यात येतं. शेळ्या पाळणारी बाई उत्पादकच झाली. संचालक कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १५. तुमच्या खुर्च्या पाच, म्हणजे कायद्याने अजून दहा मांडता येतात.

आणि सूनबाई बसत नाही म्हणून तिला विचारायचंच नाही, असं करू नका. आमच्या गटातली एक बाई तीन वर्षं मासिक बैठकीत तोंडावर पदर धरून बसायची. आज बँकेत मॅनेजरच्या टेबलासमोर बसून कर्जाचं बोलते. तीन वर्षं लागली. तुम्ही दोन खेपा विचारलं.

हमीभाव_कुठाय
खुर्च्या, शेअर, कौतुक, सगळं बायांचंच. कापूस पिकवणाऱ्याचं कोणी बोलते काय? यंदा वेचणीला किलोमागे १२ रुपये दिले, म्हणजे क्विंटलला १,२०० रुपये वावरातच गेले. ऑटोचं भाडं वेगळं. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव ८,११०, तो कागदावर. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं, आणि व्यापाऱ्याने ओलाव्याचं कारण सांगून माझा माल पावणेसात हजाराने नेला. बाया सहकारी असत्या तर तोट्यातही वाटा घेतला असता. त्यांना फक्त रोख पाहिजे, तेही संध्याकाळच्या आत.

तिसरा_वेचा
धाग्याचा विषय वेगळा होता, पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या आईने पंचवीस वर्षं कापूस वेचला. त्यावर मी नर्सिंग शिकले. पहिल्या वेच्याला बोंडं फुटलेली असतात, तेव्हा तीस किलो सहज भरतात. तिसऱ्या वेच्याला कापसाची पऱ्हाटी वाळलेली, बोंड अर्धवट उघडलेलं, दिवसभर वाकून पंधरा किलो. पंधराला बाराने गुणा, १८० रुपये होतात. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी नखांच्या कडा चिरतात. आई रात्री भाकरीचं पीठ मळायला बसायची तेव्हा पिठातलं मीठ त्या चिरांत जायचं, आणि ती तोंडाने हवा आत ओढायची. मला अजून तो आवाज ऐकू येतो. एका शेतकऱ्याकडे तर दव धरलंय म्हणून दर ओटीमागे किलोभर कापायचे. दुपारी वेचलेल्या कापसालाही.

तोट्यात वाटा मागता, तर भाव चढले होते त्या साली नफ्यात किती वाटा दिला होता?

हमीभाव_कुठाय
तोंड सांभाळून बोला. मी आजवर एक किलो दव कापलं नाही. माझी बायको स्वतः काट्यापाशी उभी असते, तिला विचारा. माझ्यावर दोन लाखांचं पीककर्ज आहे, मुलीचं लग्न पुढे ढकललंय. बाहेरच्याला वाटते शेतकरी म्हणजे मालक.

तिसरा_वेचा
मी तुमच्याबद्दल लिहिलं नव्हतं, दादा. मुलीच्या लग्नाचं वाचून वाईट वाटलं. पण १२ रुपये सांगाल तेव्हा किलो किती भरले तेही सांगा. आणि तुमची बायको काट्यापाशी उभी असते म्हणता, म्हणजे हिशेब तीच पाहते. मग तुमच्या वाक्यात ‘बाया’ कोण आणि ‘शेतकरी’ कोण?

हमीभाव_कुठाय
ठीक आहे. शेवटच्या वेच्याला किलोवर नाही, रोजीने देईन. पण ऑटोचं भाडं अर्धं बायांनी द्यावं. याच्या पुढे मी जाणार नाही. आणि बायकोचं म्हणाल तर हिशेब तिचाच बरोबर असतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

चांदवडला_गेलेला
सातबाऱ्याचा विषय निघाला म्हणून जुनं सांगतो. १९८६ साली शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला झालं. आमच्या गावातून ट्रक भरून बाया गेल्या, मी रस्ता दाखवायला सोबत होतो. पुढे संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मी मुक्ती सांगितली, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा. १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाची योजना काढली. मी अडीच एकर बायकोच्या नावावर केली तेव्हा भावाने वर्षभर अबोला धरला. गावात म्हणत, बुढा बायकोच्या ताब्यात गेला.

बारा वर्षांनी मला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, सही येईना. त्या साली खरिपाचं कर्ज तिच्या अडीच एकरावर निघालं, तिच्या सहीने. पेरणी वेळेवर झाली. तोच भाऊ बियाणं उसनं न्यायला तिच्याकडे आला, आणि तिने दिलं. आम्ही पुरुषांनी तेव्हा उपकार केल्यासारखी भाषणं दिली, याची मला आज लाज वाटते. जमीन तिच्या नावावर होती म्हणून माझं घर उभं राहिलं.

धुऱ्यावरचा
काकाजी, तुमचं वाचून थोडा वेळ फोन बाजूले ठेवला. पऱ्हाटीताई, तुमची बोलायची रीत मले अजूनही पटली नाही. आधी फोन केला असता तर चाललं असतं, चारचौघात टाकायची गरज नव्हती. पण फोटोखालचा मजकूर मीच लिहिला होता, अन् नावं लिहायले जागा भरपूर होती, हे खरं आहे. एकवीसच्या एकवीस नावं पाठवा, कोण काय काम पाहते त्याच्यासकट. आज रात्री बदलतो. शेअरचं संचालकांच्या बैठकीत मांडतो. होईलच असं वचन देत नाही, दोघं जण अडून बसतील.

पऱ्हाटी
फोन दोनदा केला होता, भाऊ, कामात होते तुम्ही. असो. नावं पाठवली. कामाचं विचारायला घरोघरी गेले तर सगळ्या म्हणाल्या, ‘काय लिहायचं, घरचंच तं आहे.’ मग बसून एकेकीला बोलतं केलं, त्यात संध्याकाळ गेली. पॅकिंगवाल्या दोघींना पिशव्या किती भरल्या ते पाठ आहे, वही दाखवायचीही गरज पडली नाही.

गावची_सीआरपी
अर्ज आताच भरून ठेवा, बैठकीची वाट पाहू नका. आधार, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो. सातबाऱ्याचा रकाना कोरा सोडू नका, तिथे शेळ्या किती ते लिहा.

पऱ्हाटी
डाळ मिलवालीचा अर्ज भरून आत्ताच आले. शेळ्या किती म्हणून विचारलं, तर म्हणाली पाच, त्यातली एक गाभण आहे, बैठक कधी ते आधी सांगा, मग आकडा लिहू.