दीड वर्षाची मुलगी, वजन ८.९ किलो. कमी आहे का?

चिऊची_आई
नमस्कार, थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगी आता १८ महिन्यांची झाली. वजन ८.९ किलो, उंची दवाखान्यात ८० सेमी भरली. पूर्ण दिवसांची झालेली, जन्माचं वजन २.७. नणंदेचा मुलगा हिच्याहून महिन्याने लहान आणि तो साडेअकरा किलो, त्यामुळे दोघं शेजारी शेजारी खेळत असली की कुणीतरी म्हणतंच, हिला खायला घालत नाही का गं. डॉक्टर म्हणाले छान आहे आणि दोन मिनिटांत बाहेर, पण वाढीचा तक्ता दाखवणाऱ्या ॲपमध्ये तिचा ठिपका मधल्या रेषेच्या चांगलाच खाली दिसतो आणि रात्री झोपताना मी तोच बघत बसते. त्यात परवा घरी टेपने डोकं मोजलं तर ४५.५, मागच्या महिन्यात दवाखान्यात ४६ लिहिलंय. डोकं कमी कसं होईल?? आणि दर रविवारी बाथरूमच्या काट्यावर वजन करते तर कधी ८.७ कधी ९.१. खाणं अगदी चिमणीसारखं, दोन घास झाले की तोंड फिरवते. मोबाईल लावला तर जाते थोडं. पण दिवसभर पळापळ, जिने चढणं, बडबड सगळं जोरात. काय करू?

बाबा_ऑन_ड्यूटी
आधी डोक्याचं. डोकं लहान झालेलं नाही, टेप हललीय. भुवयांच्या जरा वर आणि मागे जिथे सगळ्यात जास्त फुगीर असतं तिथून घ्यायचा असतो घेर, आणि १८ महिन्यांचं पोर तेवढा वेळ मान स्थिर ठेवत नाही. अर्धा सेमी इकडे तिकडे हमखास होतो. मुलींचं या वयात सरासरी ४६.२ च्या आसपास असतं, दोन्ही आकडे व्यवस्थित आहेत.

रविवारचं वजन मात्र बंद करा ताई. दुसऱ्या वर्षात मुलं महिन्याला साधारण २०० ग्रॅम वाढतात, म्हणजे आठवड्याला ५० ग्रॅम. बाथरूमचा काटा १०० ग्रॅमच्या टप्प्यात दाखवतो, ओला डायपर आणि नुकतंच प्यायलेलं दूध धरलं तर त्याहून जास्त फरक पडतो. तुम्ही मोजताय ती वाढ नाहीच, तो डायपर आहे 😀 एकच काटा, अंगावर कपडे नाहीत, दोन-तीन महिन्यांतून एकदा, बास.

अनुराधा_मावशी
अगं, पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेचे मार्क नव्हेत, ५० म्हणजे पास असं काही नसतं. १० वा म्हणजे शंभर धडधाकट मुलींना ओळीने उभं केलं तर दहाजणी हिच्याहून हलक्या, एवढंच. त्या दहाजणीही धडधाकटच. आपण पाच वर्षांपर्यंत जे तक्ते वापरतो ते डब्ल्यूएचओचे २००६ चे, सहा देशांतली मुलं मोजून केलेले आणि त्यात भारतातलीही होती, त्यामुळे 'हे परदेशी मुलांचे आकडे' असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. फक्त ॲपमध्ये मुलगी निवडलंय ना बघ. मुलगे थोडे जडच असतात, १८ महिन्यांना मुलींचं मधलं वजन १०.२ आणि मुलांचं १०.९. नणंदेच्या लेकाशी तुलना तिथेच संपते.

मला त्या ८.९ पेक्षा आधीचे आकडे बघायचेत. सहा महिन्यांना किती होती, वर्षाला किती, कार्डावर असेल बघ. एका ठिपक्यावरून काहीच कळत नाही, ठिपके जोडले की कळतं.

चिऊची_आई
मुलगीच निवडलंय मावशी. कार्ड काढलं. सहा महिने ६.४, वर्षाला ७.८, १५ महिने ८.४, आता ८.९.

अनुराधा_मावशी
मग बघ की, जन्मापासून ती पंधराव्या रेषेच्या जराशी खाली, आणि तिथेच चाललीय सरळ. आपली रेषा धरून चाललीय पोर. उंची तर जवळजवळ मध्यावर आहे (८०.७ असतं मधलं). उंचीच्या मानाने वजनही धोक्याच्या रेषेच्या, म्हणजे तक्त्यात मधल्या रेषेखाली 'उणे दोन' लिहिलेली रेषा असते तिच्या, वर आहे. सडपातळ आहे. तू किंवा जावई लहानपणी कसे होतात विचार घरात कुणाला, फोटो काढ जुने.

आणि अजून एक, आता ती यापुढे अजून बारीक दिसणार आहे, तयारीत राहा. बाळाचं गुबगुबीतपण पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त असतं, मग ते पाच-सहा वर्षांपर्यंत उतरतच जातं. तेव्हा फ्रॉक लांबीला आखूड आणि कमरेत ढगळ होतात, आणि सगळे नातेवाईक एकदम डॉक्टर होतात.

नेहमीचाच_वाचक
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. 'ठीक आहे, ठीक आहे' हे आम्हालाही सगळ्यांनी सांगितलं होतं. आमचा मुलगा वर्षाचा होईपर्यंत मधल्या रेषेवर होता, मग सहा महिन्यांत दोन रेषा ओलांडून खाली आला. जेवण नको, दूध मात्र बाटलीवर बाटली, दिवसाला लिटरच्या वर जात असेल, आणि घरातले खूश की निदान दूध तरी पितोय. फिकट दिसायला लागला, भिंतीचा चुना चाटायचा, चिडचिड. रक्त तपासलं तर लोह फारच कमी. दुधात लोह नगण्य असतं आणि पोट मात्र भरतं, म्हणून जेवणाची भूकच मरते. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं (ते त्यांनी वजनावर ठरवलं, आपल्या मनाने देऊ नका, जास्त झालं तर विषारी असतं), दूध अर्ध्या लिटरच्या आत आणलं, बाटली बंद, आणि हळूहळू भूक परत आली.

म्हणून चिऊच्या आईला विचारतो, दूध किती पिते?

चिऊची_आई
सकाळी एक कप आणि रात्री एक, ४०० मिली पकडा. फिकट वगैरे नाही हो, आणि भिंत अजून तरी चाटलेली नाही.

नेहमीचाच_वाचक
मग बरंय. तरी लोह एकदा विचारून घ्या पुढच्या भेटीत. आणि रेषा सोडून खाली यायला लागली, सलग दोन-तीन मोजण्यांत वजन हललंच नाही किंवा उतरलं, उंचीही थांबली, सतत जुलाब, पटकन दमणं, असं काही असेल तर वाट बघू नका, दाखवा. कार्ड घेऊन जा बरोबर. दोन मिनिटांत बाहेर काढलं तर कार्ड पुढे करून विचारायचं, रेषा कशी आहे. आकडे समोर असले की बोलतात डॉक्टरसुद्धा.

तिखट_लाडू
आमच्याकडे उलटी गंमत. लेक चार वर्षांची, २० किलो, सगळे म्हणतात जाडी होतेय, आत्तापासून कमी कर. तिची उंची ११० आहे हे कुणी बघतच नाही! बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) काढला तर १६.५, वयाच्या मानाने नॉर्मलमध्ये. मोठ्यांचे बीएमआयचे आकडे मुलांना लावायचे नसतात, वयाप्रमाणे वेगळा तक्ता असतो, हे मला डॉक्टरांनी काढून दाखवलं. तरी एका काकूंनी तिच्यासमोरच 'गोलू' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ती मला विचारते मी गोलू आहे का. त्या दिवशी मी काकूंना स्पष्ट सांगितलं, वजनाचं काय ते माझ्याशी बोला, तिच्यासमोर नाही. बारीक मुलांनाही हेच लागू. दीड वर्षाच्या मुलीला सगळं कळतं बरं का, 'ही खातच नाही' हे तिच्यासमोर म्हणू नको.

मोबाईल लावून भरवणं बंद कर हे मात्र सांगेन. त्यात पोट भरलंय की नाही हे तिला कळतच नाही. काय आणि कधी द्यायचं ते तू ठरव, किती खायचं ते तिला ठरवू दे. अर्धा तास झाला की ताट उचल, मधेमधे बिस्किटं वगैरे नको. पहिला आठवडा फार वाईट जातो, नंतर सुधारतं.

चिऊची_आई
आजपासून मोबाईल बंद करून बघते, रडारड होईल. वजन वाढवायच्या पावडरी सुचवतायत घरी, त्याचं काय?

बाबा_ऑन_ड्यूटी
डब्यामागे साखर किती लिहिलीय ते वाचा, मग ठरवा. रेषेवर चाललेल्या मुलीला काही गरज नाही, गोड प्यायलं की जेवण अजून कमी होईल. आहे त्याच घासात थोडं तेल-तूप वाढवा. पोट छोटं असतं, घास लहान पण ताकदीचा हवा.

अनुराधा_मावशी
आणि चिऊच्या आई, उंची झोपवून मोजली की उभं करून ते कार्डावर लिहून ठेव. दोन वर्षांनंतर उभं करून मोजतात, तेव्हा पाऊणेक सेमी कमी भरते. नाहीतर सहा महिन्यांनी 'मुलीची उंची कमी झाली' असा नवीन धागा काढशील 😄