अनुभव सांगा : सरकारी मदतीने धंदा वाढला का, आणि कामगाराच्या हाती काय आलं?

गेल्या आठवड्यात आमच्या शेडवर शेजारच्या गावातला एक मुलगा आला होता. आयटीआय झालेला, हुशार. त्याने विचारलं, "काका, ही सबसिडी खरंच मिळते का हो?" मला एका वाक्यात उत्तर देता येईना. मिळते म्हणावं तर लोकांनी झिजवलेल्या चपला आठवतात, नाही म्हणावं तर आमचं स्वतःचं घर त्यावर उभं आहे. म्हणून हा धागा. जिल्हा उद्योग केंद्र, एमआयडीसी, खादी ग्रामोद्योग, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), कुठलीही महामंडळं, ज्यांचा ज्याच्याशी संबंध आला त्यांनी सविस्तर लिहा. किती महिने लागले, किती जणांना काम मिळालं, पगार कोणत्या तारखेला होतो, पीएफ कापला जातो का, हेही लिहा. तक्रार असेल तर बँकेचं, कार्यालयाचं, कंपनीचं नाव घालू नका. इथे भांडण नको, पुढच्याला वाट दिसायला हवी.

सुरुवात माझ्यापासून. माझे वडील कोल्हापुरात दुसऱ्याच्या कारखान्यात टर्नर होते. एमआयडीसीत त्यांना छोटा प्लॉट मिळाला, पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने. दारात रस्ता, पाणी आणि वीज होती. ते नेहमी म्हणायचे, कर्ज कुठेही मिळालं असतं, पण तीन फेजची लाईन मला गावात कोणी दिली नसती. दोन लेथवर सुरुवात झाली. आज आम्ही पंप आणि ट्रॅक्टरसाठी कास्टिंगचं मशिनिंग करतो आणि सव्वीस माणसं आहेत. वीस माणसं झाली की पीएफ लागू होतो. आमचा नोंदणी क्रमांक आला त्या दिवशी वडिलांनी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिला होता. ते पान मी अजून जपून ठेवलं आहे. आमच्या इथे फाउंड्रीवाल्यांनी एकत्र येऊन, सरकारचा हात घेऊन क्लस्टर, म्हणजे सगळ्यांचं सामायिक केंद्र, उभं केलं. ओतकामाच्या साच्यांत वापरलेली वाळू तिथे पुन्हा वापरण्याजोगी करून मिळते. एकट्या फाउंड्रीला हे झेपलं नसतं. मदतीचा हा प्रकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो एका घरापुरता उरत नाही.

आता तुम्ही लिहा.

———

मराठवाडा, फॅब्रिकेशन

दादा, त्या मुलाला सांगा, मिळते. पण हातात मिळते असं समजू नकोस म्हणावं.

मी २०२१ मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज केला. ग्रिल, शेड, ट्रॉली अशी कामं. प्रकल्प नऊ लाखांचा. गाव ग्रामीण भागात आणि मी ओबीसी, म्हणून अनुदान ३५ टक्के आणि स्वतःचे ५ टक्के. जिल्हा उद्योग केंद्रातून प्रकरण बँकेत गेलं आणि गाडं तिथेच अडलं. घराचा उतारा आणा, दोन जामीनदार आणा. मी चार वेळा गेलो. चौथ्या वेळी साहेब जेवायला गेले होते, ते परतलेच नाहीत.

प्रशिक्षणात एक सर होते. त्यांनी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं की सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या (ही तेव्हाची मर्यादा) कर्जाला तारण मागायचं नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी वहीचं ते पान घेऊन पुन्हा उद्योग केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी मला अर्ज लिहायला बसवलं : नामंजूर करत असाल तर कारण लेखी द्यावे, ही विनंती. एवढंच. तीन आठवड्यांत फाईल हलली. अर्जापासून पैसे यायला एकूण सात महिने लागले.

अनुदानाचं असं की ती रक्कम बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. धंदा चालू आहे का ते बघायला माणूस येतो, मग ती कर्जात वळती होते. हप्ते थकले तर अनुदान गेलं समजा. माझं या वर्षी वळतं झालं. मी धरून चौघे आहोत. पगार दर शनिवारी, रोख. पीएफ नाही, खरं तेच लिहितो.

———

निवृत्त उद्योग निरीक्षक

जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ मध्ये सुरू झाली, तेव्हा कल्पना अशी होती की उद्योजकाला जमीन, कर्ज, कच्चा माल, बाजार यांसाठी दहा दारं ठोठवावी लागू नयेत. मी त्या व्यवस्थेत एकतीस वर्षं काढली आणि मला तिचा अभिमान आहे. म्हणूनच दुखतं ते सांगतो.

आमचं मोजमाप मंजुरीवर होतं. वर्षाचं उद्दिष्ट यायचं आणि मार्च जवळ आला की बँकांशी ओढाताण. अर्जात "अपेक्षित रोजगार" असा रकाना असतो. अर्जदार तिथे आठ लिहितो, दहा लिहितो. पडताळणीला मी जायचो तेव्हा यंत्र पाहायचो, त्याचा क्रमांक बिलाशी ताडायचो, दारावरचा फलक पाहायचो. त्या आठजणांना महिना काय मिळतं, हे विचारायला माझ्याकडच्या तक्त्यात जागाच नव्हती. मी विचारायचो आणि स्वतःच्या डायरीत लिहायचो. निवृत्तीनंतर त्या डायऱ्या चाळल्या. ज्या उद्योगांकडे मंजुरीनंतर पहिल्या दोन वर्षांत कुणी ना कुणी जात राहिलं, मालाचा भाव, गिऱ्हाईक, जीएसटीची विवरणपत्रं यांत मदत करत राहिलं, त्यांतले बरेच उभे आहेत. ज्यांचा आमच्याशी संबंध अनुदानापुरता राहिला, त्यांतली बरीच शटरं बंद आहेत. माझ्या डायरीपलीकडे याला आधार नाही, पण माझं मत पक्कं आहे.

त्या मुलाला एक व्यवहाराची गोष्ट सांगा. अर्ज एप्रिल-मेमध्ये कर. फेब्रुवारीत सगळे धावपळीत असतात, कुणाला तुझ्याशी बोलायला वेळ नसतो.

———

सोलापूर, कडक भाकरी

मी बचत गटातली. आमच्याकडे ज्वारीची कडक भाकरी करतात, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकते. पूर्वी घरी तीस-चाळीस व्हायच्या. सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना आली २०२० मध्ये, त्यात ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त दहा लाख. कृषी खात्याकडून एक जिल्हा संसाधन व्यक्ती मिळते. आमच्याकडे जो मुलगा आला तो माझ्या लेकाच्या वयाचा. त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून प्रकल्प अहवाल केला. मला विचारलं, मावशी, एका किलो पिठात भाकरी किती? मला सांगता येईना. मग त्याने वजनकाटा मागवला. उंड्याचं वजन केलं, भाजून वाळल्यावर भाकरीचं केलं, गॅस किती जळला ते सिलिंडर काट्यावर ठेवून काढलं. तेव्हा कळलं की मी सहा वर्षं प्रत्येक पाकिटात पदरमोड करत होते. अनुदान नंतर आलं, पण माझा धंदा त्या दुपारी सुरू झाला असं मी सगळ्यांना सांगते.

आता पीठ मळायचं यंत्र आणि पाकीट सील करायचं यंत्र आहे. भाकरी मात्र हातानेच थापतो, यंत्राची गिऱ्हाईक परत देतं. आठ जणी आहोत. पगार सात तारखेला खात्यात.

———

फोंडा, गोवा

ईडीसी या गोवा सरकारच्या महामंडळाकडून मुख्यमंत्री रोजगार योजनेचं कर्ज घेऊन गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान टाकलं. कागद नीट होते, त्रास झाला नाही. दोन मुलं कामाला आहेत. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा पगार निम्मा देतो, ते मनाला लागतं. कुणी यावर मार्ग काढला असेल तर लिहा.

———

प्रेस पार्ट, गाव लिहीत नाही

कर्ज मिळण्यापेक्षा केलेल्या कामाचे पैसे वेळेवर मिळणं महत्त्वाचं आहे, यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

एका मोठ्या कंपनीकडे आमचे अकरा लाख अडकले. फोन केला की "सिस्टीममध्ये आहे". नऊ कामगारांचा पगार करायला मी घरचं सोनं ठेवलं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत. ठेवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, माल देण्याआधीची हवी, ही गोष्ट अधोरेखित करून घ्या. माझ्या ओळखीच्या एकाने नंतर काढली आणि तो अडकला.

थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठी सरकारचं समाधान पोर्टल होतं, तिथे अर्ज केला, प्रकरण निवाडा करणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे गेलं. कायदा नव्वद दिवस म्हणतो, मला चौदा महिने लागले. पण पहिली नोटीस त्यांच्या हिशेब खात्यात पोचली त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा त्यांचा फोन आला. तडजोडीत मुद्दल पूर्ण आणि थोडं व्याज मिळालं. त्या कंपनीचं काम पुढे बंद झालं, हेही सांगायला हवं. २०२४ पासून आयकराचा नवा नियम आहे : वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च देणाऱ्याला दाखवता येत नाही. तेव्हापासून मार्चमध्ये इतर कंपन्यांचे पैसे येतात, न मागता.

———

बुटीबोरी (नागपूर), कामगार

मी मालक नाही, चालेल ना? पॅकिंगला आहे. आधी ठेकेदाराकडे होते, तिथे ना चिठ्ठी ना कार्ड. मग एका छोट्या कंपनीत लागले. पहिल्या पगारातून ईएसआयचे (कामगार विम्याचे) पाऊण टक्का कापले तेव्हा मी भांडले होते की माझे पैसे का कापता. कंपनी सव्वातीन टक्के भरते हे मला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या बाळाच्या वेळी सव्वीस आठवडे रजा मिळाली आणि त्या दिवसांचे पैसे माझ्या खात्यात आले. सासूबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी पासबुक दोनदा वाचायला लावलं. पहिल्या बाळाच्या वेळी मी विसाव्या दिवशी दुसरीकडे भांडी घासायला गेले होते.

एवढंच सांगायचं होतं. नोकरी म्हणजे काय, हे मला त्या पासबुकावरून कळलं.

———

डंडी, स्कॉटलंड

मूळची सातारची. इथे स्कॉटिश एंटरप्राइज नावाची सरकारी संस्था आहे, १९९१ पासून. आमची कंपनी चाळीस माणसांची, तिने नव्या यंत्रासाठी अनुदान घेतलं. निरीक्षक साहेबांच्या तक्त्यात पगाराला जागाच नव्हती हे वाचलं आणि राहवलं नाही. जुलै २०२३ पासून इथे सरकारी अनुदानाला अट आहे की सगळ्या कर्मचाऱ्यांना, शिकाऊ मुलांनासुद्धा, "रिअल लिव्हिंग वेज" द्यायचं. त्या वेळी कायद्याचं किमान वेतन तासाला १०.४२ पौंड होतं आणि हे १०.९०. दुसरी अट, कामगारांना आपलं म्हणणं मांडायला खरी जागा हवी. आमच्याकडे त्यातून दर महिन्याची बैठक सुरू झाली. पहिल्या बैठकीत गोदामातल्या बाई म्हणाल्या, माल चढवताना दार उघडं राहतं, बोटं गोठतात. पुढच्या महिन्यात तिथे जाड पट्ट्यांचा पडदा लागला.

इथला देश वेगळा, माणसं कमी, पैसा जास्त, हे मला कळतं. पण "पगार किती देणार" हा प्रश्न अनुदानाच्या अर्जात घालायला पैसा लागत नाही.

———

सोलापूर, कडक भाकरी (पुन्हा)

बुटीबोरीच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी आमच्या सगळ्या जणींना मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्यातल्या एकीला सातवा महिना आहे. ते ईएसआय कारखान्यात दहा माणसं झाली की लागतं असं संसाधनवाल्या मुलाने सांगितलं. आम्ही आठ. पुण्याच्या एका दुकानाने दिवाळीपासून रोज दोनशे पाकिटं मागितली आहेत, मी अजून हो म्हटलं नव्हतं. आज दुपारी फोन केला. दोघी जणी सोमवारपासून येतायत.